प्रेवेलीला जायचंय? मग सकाळीच वाळूवर पोचा

ग्रीसच्या क्रीट बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर प्रेवेली नावाची पुळण आहे. डोंगरातली घळ कापत आलेली नदी शेवटच्या टप्प्यात ताडासारख्या उंच, झावळ्यांच्या झाडांच्या बनात शिरते. वाळूपाशी पोचल्यावर ती तळ्यासारखी पसरते आणि शेवटी गुडघाभर पाण्याच्या एका पट्ट्याने लिबियन समुद्राला मिळते. नदीचं नाव मेगास पोतामोस, म्हणजे सरळ 'मोठी नदी'. वर घळीत तिला कुर्तालियोतिस म्हणतात. किनाऱ्याचं गावातलं नाव 'लिम्नी', म्हणजे तळं.

हा लेख पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आहे. फोटोत प्रेवेली निर्मनुष्य दिसते, पण ऑगस्टमध्ये दुपारी बारा वाजता तिथे टॉवेल पसरायला जागा शोधावी लागते. मी दोनदा गेले. पहिल्यांदा भर दुपारी पोचले आणि हिरमुसून परत आले. दुसऱ्यांदा आईला घेऊन सकाळी साडेसातला खाली उतरले, तेव्हा नदीच्या मुखाशी आम्ही दोघी आणि पाण्यावर चार बदकं, एवढेच होतो. जागा तीच होती. म्हणून खाली जे काही सांगते आहे ते सगळं एकाच गोष्टीभोवती आहे: सकाळी लवकर वाळूवर कसं पोचायचं.

महिना कोणता

मे, जूनचा पहिला पंधरवडा, सप्टेंबरची अखेर आणि ऑक्टोबरचा पूर्वार्ध. आपल्याकडच्या मुलांना मे महिन्याची सुट्टी असते आणि ती इथे नेमकी उपयोगी पडते. मे महिन्यात हिवाळी पावसाचं पाणी नदीत अजून खळाळत असतं, डोंगर हिरवे असतात आणि गर्दी सुरू व्हायची असते. समुद्र मात्र तेव्हा गारच, 19-20 अंशांच्या आसपास. कोकणातल्या कोमट समुद्राची सवय असलेल्यांना पहिल्या डुबकीला हुडहुडी भरते. पोहायची खरी हौस असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर निवडा. उन्हाळाभर तापलेलं पाणी तेव्हाही छान उबदार असतं.

जुलै-ऑगस्ट टाळता आला तर टाळा. तोच काळ मिळत असेल तर सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर जा. दुपारी प्लाकियास आणि आगिया गालिनी या गावांहून बोटी येतात आणि माणसांचे गटच्या गट उतरवतात. नोव्हेंबर ते मार्च बेटावर पाऊस असतो. नदी फुगते, हॉटेलं बंद असतात आणि बोटी थांबतात. पहिल्या भेटीसाठी तो काळ नव्हे.

निघण्याआधी

ग्रीस शेंगेन करारातला देश आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. प्रौढांसाठी शुल्क 90 युरो आहे आणि प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा असावा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्यासाठी तारखा लवकर भरतात, म्हणून मे महिन्यात जायचं असेल तर संक्रांतीपर्यंत कागदपत्रं गोळा झालेली बरी.

गाडी भाड्याने घेणार असाल तर आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून न्या. ते वर्षभर चालतं. तिथे गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालते आणि स्टिअरिंग डावीकडे असतं. पहिले दोन दिवस वळणावर मन आपोआप डावीकडे ओढतं, त्यामुळे शेजारी बसणाऱ्याला 'उजवीकडे राहा' एवढंच सांगायचं काम द्या. आईने ते इतकं मनावर घेतलं की पार्किंगमध्येसुद्धा सांगत होती.

मुक्काम

अथेन्सहून क्रीटला विमानाने तास लागत नाही. पिरेयस बंदरातून रात्रीची मोठी फेरीबोटही निघते आणि सकाळी पोचवते. बेटावर दोन मोठे विमानतळ आहेत, पूर्वेला इराक्लियो आणि पश्चिमेला हानिया. दोन्हींच्या मधोमध उत्तर किनाऱ्यावर रेथिम्नो शहर आहे. इराक्लियोहून ते 80 किलोमीटर, हानिया शहरातून 60.

बरेच जण रेथिम्नोला राहतात आणि प्रेवेलीची एक दिवसाची सहल करतात. व्हेनिसच्या राजवटीतल्या जुन्या गल्ल्या, बंदर, किल्ला असं ते शहर सुंदर आहे. पण तिथून निघून सकाळी आठच्या आत प्रेवेलीच्या वाळूवर पोचणं अवघड पडतं, कारण मध्ये पूर्ण बेटाची कंबर ओलांडायची असते. म्हणून माझा आग्रह असा की किमान दोन रात्री दक्षिणेला काढा. प्लाकियास हे लांब वाळूचं, साधं, खाण्याराहण्याची सोय असलेलं गाव आहे आणि तिथून प्रेवेली गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर. जवळची लेफ्कोयिया आणि असोमातोस ही गावं त्याहून निवांत. दोन रात्री का? कारण एका सकाळी वारा असला तर दुसरी सकाळ हाताशी राहते.

गाडी नसेल तर रेथिम्नोहून केटेल या तिथल्या बससेवेची बस प्लाकियासला जाते. उन्हाळ्यात प्रेवेलीलाही काही फेऱ्या असतात. वेळापत्रक दर हंगामात बदलतं, त्यामुळे आदल्या संध्याकाळी बसस्थानकावर जाऊन परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ विचारून घ्या. प्लाकियासमधून टॅक्सीही मिळते. सकाळी टॅक्सीने जायचं आणि दुपारी बोटीने प्लाकियासला परतायचं, ही जोडणी मला फार आवडते. चढ वाचतो आणि समुद्रावरून कडे पाहायला मिळतात.

रस्ता

रेथिम्नोहून दक्षिणेकडे निघालात की दहाएक किलोमीटरवर आर्मेनी गाव लागतं. गावाजवळ ओकच्या झाडांखाली मिनोअन, म्हणजे क्रीटच्या प्राचीन संस्कृतीच्या, काळाच्या अखेरीचं दफनस्थान आहे, खडकात खोदलेल्या दोनशेहून अधिक थडग्यांचं. परतीच्या वाटेवर अर्धा तास काढा तिथे, सावली छान आहे.

पुढे कोक्सारे गाव ओलांडलं की रस्ता कुर्तालियोतिको घळीत शिरतो. ताम्हिणी किंवा वरंधा घाटाची सवय असलेल्यांना वळणांचं काही वाटणार नाही, पण इथले कडे वेगळे आहेत. राखाडी, उघडे, सरळसोट, आणि दोन्ही बाजूंनी एकदम अंगावर येणारे. घळीत वाऱ्याचा झोत इतका असतो की गाडीचं दार उघडताना हाताने धरून ठेवावं लागतं. वर पाहिलंत तर गिधाडं दिसतील. आपल्याकडे गिधाडं दिसेनाशी झाल्यापासून आकाशात सहा-सात एकदम घिरट्या घालताना पाहणं हा मला तरी मोठा आनंद वाटला. रस्त्याकडेला थांबायला जागा आहे. तिथून पायऱ्या उतरून संत निकोलाओसचं छोटं चर्च आणि खडकातून फुटणारे झरे पाहता येतात. संताने खडकावर पंजा टेकवला आणि पाच बोटांच्या जागी पाच झरे फुटले, असं गावकरी सांगतात. तुम्ही खाली ज्या नदीत पाय बुडवणार आहात तिला पाणी पुरवणारे हेच झरे. डोंगरात मुरलेलं पाणी इथून येत राहतं, म्हणून भर उन्हाळ्यातही ती आटत नाही.

असोमातोसनंतर प्रेवेलीची पाटी दिसते तिथे वळा. रस्ता नदीकाठाने खाली उतरतो आणि एकोणिसाव्या शतकातला एक कमानीचा दगडी पूल लागतो. पुलाजवळ थोडं थांबलंत तर चालेल, पण सकाळी जाताना नको. जवळच खालच्या मठाचे, कातो मोनीचे, अवशेष आहेत. तिथून रस्ता पुन्हा चढतो आणि डाव्या हाताला किनाऱ्यासाठीचा वाहनतळ येतो. काही युरो शुल्क असतं. सुटे पैसे जवळ ठेवा. आणखी पुढे गेलात तर वरचा मठ, पिसो मोनी. त्याबद्दल नंतर सांगते.

उतरण

वाहनतळापासून नदीचं मुख थेट खाली दिसतं. दगडी पायऱ्यांची वाट आहे, चारशेच्या वर पायऱ्या. काही उंच, काही घसरट, काही ठिकाणी नुसतीच खडी. उतरायला पंधरा-वीस मिनिटं, चढायला अर्धा तास धरा. चप्पल नको. पहिल्यांदा मी रबरी स्लिपर घालून उतरले आणि दुसऱ्या दिवशी पोटऱ्या धरून बसले. पकड असलेली सॅंडल घाला, तीच पाण्यातही चालते.

वाटेवर सावली अजिबात नाही. सकाळी हा त्रास जाणवत नाही, पण दुपारी एक वाजता हाच चढ भट्टी होतो. आईचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही प्रत्येक वळणावर टेकलो. त्या टेकण्यातच खरं दर्शन झालं. वरून नदी हिरवी दिसते, समुद्र निळा, आणि मध्ये वाळूचा पट्टा, ज्यात पाण्याने आपली वाट कुठून काढली आहे ते नकाशासारखं स्पष्ट कळतं. तिथे उभं राहून ती वाट नीट पाहून घ्या, कारण खाली गेल्यावर ती ओलांडायची आहे.

गुडघ्यांचा फारच त्रास असेल तर दुसरी बाजू आहे. दगडी पुलाजवळून नदी ओलांडून एक कच्चा रस्ता पूर्वेच्या अम्मुदी नावाच्या छोट्या किनाऱ्यावर जातो. तिथे गाडी लावून खडकावरून काही मिनिटं चालत प्रेवेलीच्या पूर्व टोकाला पोचता येतं. पायऱ्या कमी, पण रस्ता खडबडीत. भाड्याच्या गाडीचा विमा कच्च्या रस्त्यावर लागू होतो का, ते कागदावर वाचून मगच जा.

मुखाशी

पायऱ्या संपतात तिथे तुम्ही नदीच्या पश्चिम काठावर असता. रुंद वाळू पलीकडे आहे. पाणी ओलांडा. साधारण गुडघाभर असतं, पण वाळूचा बांध प्रत्येक हिवाळ्यात नव्याने घडतो, त्यामुळे कधी मांडीपर्यंतही येतं. पिशवी डोक्यावर किंवा खांद्यावर घ्या, मोबाइल वर ठेवा आणि पाय घासत पुढे सरका, तळाशी गोटे आहेत. पहिलं पाऊल टाकताच श्वास अडकेल. ऑगस्टमध्येही हे पाणी बर्फगार असतं. ते त्याच झऱ्यांचं आहे आणि तापायला त्याला फार अंतर मिळालेलं नाही.

आता थोडं सावकाश सांगते, कारण इथे येण्याचं कारण हेच आहे.

माझं माहेर दाभोळच्या खाडीकाठचं. नदी समुद्राला मिळते म्हणजे काय, हे मी लहानपणापासून भरती-ओहोटीच्या हिशेबात शिकले. भरतीला खाडी मैलोन् मैल आत खारी होते, ओहोटीला चिखल उघडा पडतो, आणि मुखाशी पोहायचं नाही, हे घरी दहा वेळा बजावलेलं. प्रेवेलीला आल्यावर मी सवयीने भरतीची वेळ विचारली, तर चहा-कॉफीच्या टपरीवरचा माणूस नुसता हसला. भूमध्य समुद्र जवळजवळ बंदिस्त आहे. भरती-ओहोटीतला फरक इथे जेमतेम वीत-दोन वीत. त्यामुळे चिखल नाही, तिवरं नाहीत आणि खाडीचा तो वासही नाही. गोडं पाणी अगदी समुद्राच्या उंबऱ्यापर्यंत गोडंच राहतं आणि शेवटच्या दहा पावलांत खारं होतं. त्या दहा पावलांत उभं राहा.

पाणी छातीइतकं येईल तिथे, नदीच्या तोंडासमोर, समुद्रात जा. वारा नसेल आणि लाट नसेल तरच. आपल्याला वाटतं गार पाणी जड, ते तळाला बसणार. इथे उलटं होतं. नदीचं पाणी गार असलं तरी त्यात मीठ नाही, म्हणून ते खाऱ्या पाण्याच्या डोक्यावर तरंगतं. खांदे गारठतात आणि पाय उबेत असतात. हात खाली घातला की ऊब, वर आणला की गारवा. पाण्याचा चष्मा असेल तर डोकं बुडवून पाहा. दोन पाणी मिसळतात तिथे सगळं धूसर थरथरतं, तापल्या डांबरी रस्त्यावरची हवा हलते तसं. मी मुखाशी पाच मिनिटं डोकं वर-खाली करत होते आणि आई काठावरून 'पुरे आता, सर्दी होईल' म्हणत होती.

वाळू जाडसर आहे, खड्यांची. पांढऱ्याशुभ्र मऊ वाळूची अपेक्षा ठेवू नका, सॅंडल पायातच असू द्या. मुखाजवळ समुद्रात एक खडक सुटा उभा आहे. एका बाजूने तो बदामाच्या आकाराचा दिसतो आणि सगळे फोटो त्याचेच काढतात.

लहान मुलांसाठी समुद्रापेक्षा नदीचा उथळ कडा बरा. पण गार पाण्यात ती लवकर काकडतात. दहा मिनिटांनी बाहेर काढा, पुसा, उन्हात बसवा, मग पुन्हा सोडा.

बनात

पूर्वेच्या काठाने एक पायवाट नदीच्या बाजूने आत जाते. दोन-तीनशे पावलांत समुद्राचा आवाज विरतो आणि झावळ्यांची सळसळ सुरू होते. आई तिथे थांबली, खोडावर हात ठेवला आणि म्हणाली, "अगं, ही तर शिंदी!"

तिचं फारसं चुकलं नाही. आपली शिंदी आणि ही झाडं एकाच वंशातली, दोन्ही फिनिक्स. इथल्या जातीला थिओफ्रास्टस या प्राचीन ग्रीक वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव दिलेलं आहे. वेगळी जात म्हणून तिची शास्त्रीय नोंद 1967 मध्ये झाली. क्रीट आणि जवळपासच्या मोजक्या जागा सोडल्या तर ती जगात फारशी कुठे नाही. सर्वांत मोठं बन बेटाच्या पूर्व टोकाला, वाई इथे आहे. प्रेवेलीचं त्याखालोखाल. खजुरासारखे घोस लागतात, पण फळ धागेदार आणि बेचव असतं. तोडून चाखायच्या फंदात पडू नका.

ऑगस्ट 2010 मध्ये या दरीत वणवा लागला आणि बनाचा मोठा भाग जळाला. काळी खोडं उभी राहिली, तळ्यावर राख तरंगली. पण या झाडाचा गाभा खोडाच्या आत खोल असतो आणि मुळाशी नवे कोंब फुटतात. काही आठवड्यांतच काळ्या शेंड्यांतून हिरवी पाती वर आली. आज तुम्ही पाहाल ते बन घनदाट आहे, पण खोडांजवळ गेलात तर जुना काळा थर अजून बोटाला लागतो. माझ्या तळहातावर तो लागला होता आणि मला तो लगेच धुवावासा वाटला नाही.

म्हणून इथे वागायचे नियम मी कळकळीने सांगते. हा भाग युरोपच्या 'नातुरा 2000' या संरक्षित क्षेत्रांच्या जाळ्यात आहे. सिगारेट नको. स्टोव्ह, शेकोटी, उदबत्ती, काहीच पेटवू नका. वाटेवरूनच चाला, कारण वाटेबाहेर पडलं की पायाखाली नेमके कोवळे कोंब येतात. झावळ्या ओढू नका, त्यांच्या बुडाशी सुईसारखे काटे असतात आणि ते खोल रुततात. तळ्यात साबण-शांपू नको. बदकांना बिस्किटं घालू नका. दोर बांधून बंद केलेल्या भागात आणि मनाई असलेल्या पाण्यात उतरू नका, पाट्या इंग्रजीतही आहेत. रात्रीचा मुक्काम इथे करायला परवानगी नाही. साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी हिप्पी झावळ्यांच्या झोपड्या बांधून इथे राहत, ते दिवस केव्हाच संपले. कचरा परत वर न्यायचा. केळीची सालंही.

वर घळीकडे नदीतून चढत जाणारे धाडसी लोक दिसतील. वाटाड्याशिवाय आणि पावसाच्या दिवसांत तिकडे जाऊ नका.

वारा

भरतीची काळजी नाही म्हणून समुद्र निर्धोक आहे असं नव्हे. इथला मालक वारा आहे. उन्हाळ्यात उत्तरेकडून 'मेल्तेमी' वाहतो. उत्तर किनाऱ्यावर तो लाटा उठवतो. दक्षिणेला मात्र तो डोंगर ओलांडून घळींमधून खाली कोसळतो आणि जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. गंमत अशी की अशा दिवशी पाणी काठाशी सपाट, शांत दिसतं आणि माणूस फसतो. हवा भरलेली गादी किंवा रबरी टायर घेऊन पाण्यात पडलात तर वारा तुम्हाला गुपचूप बाहेर नेतो. समोर लिबियाच आहे, मध्ये काही नाही. फुगवायची खेळणी इथे आणूच नका. पाठीवर वाऱ्याचे झोत जाणवत असतील तर पाय टेकतील तिथेच राहा आणि काठाला समांतर पोहा.

तिथे हवामानाच्या अंदाजात वाऱ्याचा जोर बोफोर्ट या मापात सांगतात. 3-4 असेल तर निश्चिंत जा. 6 किंवा त्यावर असेल तर वाळू गालावर टोचते, बोटी रद्द होतात, दिवस मठात आणि पुलापाशी घालवा. ओढले गेलात किंवा कुणी जाताना दिसलं तर 112 हा क्रमांक फिरवा. तो संपूर्ण युरोपात चालतो. कडक उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्याचे इशारेही याच मोबाइल जाळ्यातून येतात. कर्कश आवाज करत संदेश आला तर वाचा आणि पाळा.

खाणंपिणं

हंगामात किनाऱ्याच्या पूर्व बाजूला एक टपरीवजा खाण्याची जागा उघडते, पण सकाळी सातला तिथे काही नसतं. आदल्या दिवशी प्लाकियासच्या बेकरीतून स्पानाकोपिता, म्हणजे पालक आणि चीजची पापुद्र्याची पेटिस, किंवा कालित्सुन्या नावाच्या छोट्या करंज्या घेऊन ठेवा. करंज्याच त्या, फक्त आत ताजं चीज किंवा रानभाजी. माणशी दीड लिटर पाणी खाली न्याच.

शाकाहारी मंडळींनी क्रीटची धास्ती घेऊ नये. दाकोस मागवा. जवाचा कडक टोस्ट, त्यावर किसलेला टोमॅटो, मिझिथ्रा नावाचं पनीरसारखं चीज आणि भरपूर ऑलिव्ह तेल. होर्ता म्हणजे उकडलेली रानभाजी, वर लिंबू. आपल्या पालेभाज्यांवर वाढलेल्या जिभेला ती लगेच पटते. गेमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो-मिरच्या, पण कधी त्यात खिमा असतो, तेव्हा विचारून घ्या. 'खोरीस क्रेआस' म्हणजे मांसाशिवाय. 'निस्तीसिमो' हा शब्दही कामाचा आहे, म्हणजे उपासाला चालणारं. त्यात मांस, दूध, अंडी नसतात. मात्र कोळंबी-कालवं त्यांच्या उपासाला चालतात, हे ध्यानात ठेवा. जेवणानंतर टेबलावर न मागता फळं आणि छोट्या ग्लासात पारदर्शक दारू येते, ती त्सिकुदिया. पीत नसाल तर हात छातीवर ठेवून 'एफ्खारिस्तो', म्हणजे धन्यवाद, म्हणा. कुणी वाईट मानत नाही.

वरचा मठ

साडेदहा-अकराला पहिल्या बोटी दिसू लागल्या की निघा. अजून चढ सोसण्याजोगा असतो. वर गाडीत बसून आणखी दोन-तीन किलोमीटर पुढे गेलात की पिसो मोनी, योहान्नेस थिओलोगोस या संताचा मठ. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत. ओढणी किंवा पातळ शाल पिशवीत ठेवली की प्रश्न मिटतो. दुपारी मठ काही वेळ बंद असतो, म्हणून किनाऱ्यावरून थेट तिकडे जा.

मठाच्या थोडं अलीकडे रस्त्याच्या कडेला एक स्मारक आहे. एका बाजूला बंदूक घेतलेला धर्मगुरू, दुसऱ्या बाजूला बंदूक घेतलेला सैनिक. मे 1941 मध्ये जर्मनांनी क्रीट जिंकलं तेव्हा ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडचे अनेक सैनिक डोंगरांत अडकून पडले. मठाधिपती आगाथांगेलोस लागुवार्दोस आणि आसपासच्या गावांनी त्यांना लपवलं, जेवू घातलं. जुलै आणि ऑगस्ट 1941 मध्ये थ्रॅशर आणि टॉर्बे या ब्रिटिश पाणबुड्या रात्री किनाऱ्यापाशी आल्या आणि दोनशेच्या आसपास सैनिकांना इजिप्तकडे घेऊन गेल्या. त्याची शिक्षा म्हणून जर्मनांनी मठ लुटला. जिथे तुम्ही सकाळी टॉवेल पसरला होता, त्याच वाळूवरून ती माणसं अंधारात पाण्यात शिरली होती. पाणबुडीची वाट पाहताना त्यांनाही ते बर्फगार पाणी पायाला लागलं असेल, हे मला वर स्मारकापाशी उभी असताना सुचलं आणि मी पुन्हा एकदा खाली पाहिलं.

मठात एक जुना क्रॉस आहे. तो विमानाने पळवायचा प्रयत्न झाला तेव्हा इंजिन सुरूच होईना, शेवटी क्रॉस परत द्यावा लागला, अशी कथा तिथे श्रद्धेने सांगतात. अंगणात गार पाण्याचा नळ आहे आणि समुद्राकडे तोंड करून बसायला कट्टा. आईने तिथेच सॅंडल काढून त्यांत अडकलेली प्रेवेलीची वाळू झटकली, बाटली भरून घेतली आणि म्हणाली, "उद्याही तितक्याच लवकर उठव मला."